दोन नद्यांचे पुणे

पुण्यात वाढणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, आपल्या शहराची नदी कोणती? तो झटकन सांगेल, मुळा-मुठा. मग विचारा, यातली मुळा कोणती, मुठा कोणती, त्या येतात कुठून आणि जातात कुठे? तो अम्मीकडे पाहील आणि अम्मी अब्बूंकडे पाहील. आमच्याच घरात हे घडले. उत्तर कोणालाच नीट सांगता येईना, तेव्हा एका रविवारी मुलांना घेऊन संगम पुलावर गेलो. त्या दिवशी जे पाहिले आणि नंतर जे वाचले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर मांडत आहे.

पाणी येते कुठून?

मुठा सह्याद्रीत उगम पावते. तिला आंबी आणि मोसे या नद्या मिळतात. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, खुद्द मुठेवर टेमघर आणि या सर्वांच्या खाली खडकवासला, अशी चार धरणे आहेत. आपल्या घरातल्या नळाचे पाणी मुख्यतः येथूनच येते. मुळा येते मुळशीच्या बाजूने. वाटेत दापोडीजवळ पवना तिला मिळते. शहराच्या मध्यावर, संगमवाडीजवळ मुळा आणि मुठा एक होतात. पुढे ही जोडनदी बंडगार्डनवरून पूर्वेकडे जाते, भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. अरबी समुद्र डोंगरापलीकडे इतका जवळ असूनही पुण्यावर पडलेला पाऊस देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो, हे ऐकून मुले थक्क झाली.

दोन नद्यांच्या संगमावर वसलेली शहरे जगात आणखीही आहेत. फ्रान्समधले ल्यों हे त्यांतले एक प्रसिद्ध शहर. तेथे आल्प्समधून आलेली रोन आणि उत्तरेकडून आलेली सोन या नद्या एकत्र येतात. इ.स.पूर्व 43 मध्ये रोमन लोकांनी ते वसवले. पुढे रेशमाच्या विणकामाने ते जगभर नावाजले. आपल्याकडे भिवंडी, मालेगाव, येवल्याच्या विणकरांच्या तोंडी असलेला 'जॅकार्ड' हा शब्द मुळात ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्ड या कारागिराचे नाव आहे. त्या शहराच्या जुन्या भागात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घरांच्या पोटातून निघणाऱ्या वाटा आहेत. आपल्या पेठांतले बोळ ज्याने तुडवले आहेत, त्याला त्यांचे नवल वाटणार नाही.

नदीकाठचा कसबा

आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचा उल्लेख येतो. जुने गाव म्हणजे आजचा कसबा, मुठेच्या काठावरचा. थोरला शेख सल्ला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन्ही दर्गे याच भागात आहेत. पेठांना वारांची नावे मिळाली ती नंतर. शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद होती, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापूर आणि बुधवार पेठ मोहियाबाद. आजच्या किती पुणेकरांना ही नावे ठाऊक असतील?

कसब्यातली आळी न् आळी हुनराच्या नावाने ओळखली जाई. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी, कुंभारांचा कुंभारवाडा आणि कागद करणाऱ्यांचा कागदीपुरा. कागदी हे मुसलमान कारागीर. जुन्या चिंध्या, गोणपाट भिजवायचे, कुटायचे, चुन्यात मुरवायचे आणि वाहत्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचे. तयार लगदा हौदात ढवळून चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, भिंतीला लावून वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. कागदीपुरा हे नाव मात्र अजून टिकून आहे. असा कागद वाहत्या स्वच्छ पाण्याशिवाय होत नाही. म्हणजे एके काळी हे पाणी त्या लायकीचे होते!

पेशव्यांच्या काळात शहर वाढले तसे पाणी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने आणले गेले आणि जागोजागी हौद बांधले गेले. काळा हौद, बदामी हौद ही नावे त्याचीच आठवण. 'हौद' हा शब्द अरबी. मशिदीत वुजू करतो तोही हौदच. पाण्याच्या या शब्दाला पुण्यात कोणी परका मानले नाही.

नदीने सणही वाटून घेतले. मोहरमचे ताबूत तिच्याकडे जात आणि अनंत चतुर्दशीचे गणपतीही.

12 जुलै 1961

पुण्याचा इतिहास या एका दिवसाने दोन भागांत कापला. बांधकाम पूर्ण न झालेले पानशेतचे मातीचे धरण त्या सकाळी फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते काही तास थोपवून धरले होते, म्हणून पाणी रात्रीच्या अंधारात न येता दिवसा आले आणि हजारो जीव वाचले. पाण्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पानिपतानंतर उभारलेल्या लाकडी पुलाच्या जागी नंतर दगडी पूल झाला होता, पण नाव लकडी पूलच राहिले. तोही या पुरात मोडला. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या.

आमच्या दादी तेव्हा कसब्यात राहत. लेकरांना कडेवर घेऊन त्या उंचावर गेल्या आणि वाचल्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून लोखंडी संदूक निघाला. आत त्यांचा निकाहनामा होता, शाई पसरलेला. तो त्यांनी उन्हात वाळवला आणि अखेरपर्यंत जपला. "नदी आपला रस्ता विसरत नाही, माणसे विसरतात," असे त्या म्हणत.

आपण विसरलो

पुरानंतरच्या वर्षांत शहर नदीकडे पाठ करून वाढले. सांडपाणी तिच्यात सोडले. नागझरीचा नाला झाला. नदीपात्रातच रस्ता काढला, गाड्या उभ्या करायला जागा केली. आज धरणातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्या हलवायला धावपळ उडते.

2019 च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला आणि अनेकांचे प्राण गेले. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले ते घरात पाणी घेऊनच. अशा वेळी सर्वांत आधी बुडते ती ओढ्याकाठची, नदीकाठची वस्ती, जिच्याकडे दुसरीकडे घर घेण्याइतके पैसे नसतात.

ल्योंनेही हीच चूक केली होती. रोनच्या काठावर तेथेही मोटारींचा तळ पसरला होता. 2007 मध्ये त्या शहराने मोटारी हलवल्या आणि सुमारे 5 किलोमीटर काठ पायी फिरणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि मुलांना खुला केला.

पुण्यातही 44 किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प सुरू आहे. काहींना त्यात शहराची नवी शोभा दिसते. काहींना भीती वाटते की झाडे जातील आणि पात्र अरुंद होऊन पूर वाढेल. या वादात नागरिकांनी दोन प्रश्न विचारत राहिले पाहिजेत. काठ बांधण्याआधी पाणी स्वच्छ होणार का? आणि पूर आला तर त्याला पसरायला जागा उरणार का?

वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी उधळू नका, असे आपल्या घराघरांत लहानपणापासून शिकवले जाते. नदी वाहतीच राहिली नाही तर त्या शिकवणीचा अर्थ मुलांना कसा समजावणार?

संगम पुलावर धाकट्याने नाक दाबत विचारले, "अब्बू, दादी यात पोहायच्या?" मी म्हटले, "दादींच्या लहानपणी या पाण्यात मासे दिसत." त्याचा विश्वास बसला नाही. घरी आल्यावर त्याने वहीत दोन निळ्या रेघा काढल्या, एकत्र आणल्या आणि त्यांच्या संगमावर कसबा लिहिले. आपणही एका रविवारी मुलांना घेऊन जा. वास येईल, वाईट वाटेल. तरीही जा. ज्या नदीची वाट मुलांना ठाऊक आहे, तिच्यासाठीच ती उद्या बोलतील.