मोटारगाडीची एका बाजूची ओढ

सरळ आणि सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरले असता मोटारगाडी सरळ न जाता सातत्याने डावीकडे किंवा उजवीकडे वळू लागते, तेव्हा त्या दोषास एका बाजूची ओढ असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी एका साइडला ओढते’ असा त्याचा उल्लेख होतो. हा दोष जाणवताच चाकांचे संरेखन, म्हणजेच व्हील अलाइनमेंट, करून घेण्याचा प्रघात आहे. मात्र अलाइनमेंटनंतरही ओढ कायम राहते, किंवा अलाइनमेंटनंतरच ती प्रथम जाणवते, असे अनेकदा घडते. अलाइनमेंटमध्ये केवळ चाकांचे कोन मोजले जातात. ओढ मात्र टायर, ब्रेक, स्टिअरिंग यंत्रणा आणि खुद्द रस्ता यांमुळेही निर्माण होते. चिकटलेला ब्रेक हे ओढीचे कारण असेल, तर पुनःपुन्हा केलेल्या अलाइनमेंटमुळे पैसा वाया जातो आणि खरा धोका झाकलेला राहतो.

ओढ आणि तत्सम दोष

निदानापूर्वी दोषाचे स्वरूप निश्चित करावे लागते, कारण पुढील दोषांची ओढीशी गल्लत होते.

स्टिअरिंग तिरपे असणे : गाडी सरळ जाते, परंतु स्टिअरिंगचे चक्र किंचित वळलेले राहते. ही ओढ नव्हे. टाय रॉडची लांबी दोन्ही बाजूंना योग्य प्रमाणात न राखल्यास किंवा मागील चाकांची दिशा गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नसल्यास असे होते.

शेवटच्या वळणाकडे कल : उजवे वळण घेतल्यावर गाडी उजवीकडे आणि डावे वळण घेतल्यावर डावीकडे जात राहते. स्टिअरिंगच्या सांध्यांत कोठेतरी जखडलेपणा असल्याचे हे लक्षण आहे.

केवळ ब्रेक लावताना होणारी ओढ : येथे संशयाचा पहिला रोख ब्रेकवर असतो. ज्या बाजूचा ब्रेक अधिक पकडतो, त्या बाजूस गाडी ओढली जाते. म्हणून दुबळा ब्रेक विरुद्ध बाजूस असण्याची शक्यता असते.

केवळ वेग वाढवताना होणारी ओढ : पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांत डाव्या व उजव्या ड्राइव्ह शाफ्टची लांबी असमान असल्यास असे घडते. ॲक्सिलरेटर सोडताच ही ओढ नाहीशी होते.

स्टिअरिंगची थरथर : तिचा संबंध सहसा चाकांच्या असमतोलाशी असतो. व्हील बॅलन्सिंगने थरथर जाते, ओढ जात नाही.

चाकांचे तीन कोन

अलाइनमेंटमध्ये मुख्यतः कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तीन कोन विचारात घेतले जातात.

कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल. चाकाचा माथा बाहेर झुकलेला असल्यास कॅम्बर धन, आत झुकलेला असल्यास ऋण मानतात. कललेले चाक उतरंडीवरून घरंगळणाऱ्या नाण्याप्रमाणे आपल्या कलाच्या दिशेने वळू पाहते. त्यामुळे ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन असतो, त्या बाजूस गाडी ओढली जाते.

कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिले असता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा मागे असलेला कल. सायकलचा पुढील चिमटा तिरका असतो, त्याचे प्रयोजन हेच. या कलामुळे वळणानंतर चाक आपोआप सरळ होते. दोन बाजूंचा कॅस्टर असमान असल्यास गाडी कमी कॅस्टरच्या बाजूस ओढ घेते.

टो म्हणजे वरून पाहिले असता चाकांची पुढील टोके एकमेकांकडे वळलेली आहेत की एकमेकांपासून दूर, याचे माप. पुढील टो चुकीचा असला तरी धावताना तो दोन्ही चाकांत समान वाटला जातो. त्यामुळे टोच्या दोषाने टायर झिजतात आणि स्टिअरिंग तिरपे होते, पण सहसा ओढ निर्माण होत नाही. झिजेचे प्रमाण मात्र लक्षणीय असते : चाक प्रवासाच्या दिशेपासून केवळ ०.१ अंश वळलेले असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासले जाते.

अलाइनमेंटनंतर ओढ का राहते

ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळत असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून भारतात पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या लहान गाड्यांचा प्रसार झाला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना साधी व आटोपशीर आहे. परंतु अशा अनेक गाड्यांत कॅम्बर व कॅस्टर बदलण्याची सोय कारखान्याकडून दिलेली नसते; टाय रॉड फिरवून केवळ टो बदलता येतो.

यातून एक विसंगती उद्भवते. ज्या कोनांमुळे ओढ निर्माण होते, ते नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये फक्त मोजले जातात. ज्या कोनामुळे ओढ होत नाही, तोच दुरुस्त केला जातो. अशा वेळी अलाइनमेंट अचूक असते आणि ओढही खरी असते.

याखेरीज मोजणीतही त्रुटी राहू शकतात. टायरमधील हवा आधी समान न करणे, चाकावरील क्लॅम्प तिरका बसणे, रिमच्या वाकडेपणाची भरपाई न करणे, यंत्रात गाडीचे चुकीचे मॉडेल निवडणे, तसेच काम झाल्यावर टाय रॉडचे लॉक नट सैल राहणे, ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत.

ओढीची इतर कारणे

रस्त्याचा आडवा उतार : पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता ठेवतात. डांबरी रस्त्यावर हा उतार साधारणपणे २ टक्क्यांच्या आसपास असतो. ९०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीवर अशा उतारामुळे सुमारे १८ किलोग्रॅम-भाराइतके बल कडेच्या दिशेने कार्य करते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने निर्दोष गाडीही डावीकडे हळूहळू सरकते. उजवीकडे होणारी ओढ मात्र या कारणाने समजावून सांगता येत नाही. ती दोषाचीच सूचक मानावी.

टायर : हवेचा दाब कमी असलेल्या टायरच्या बाजूस गाडी ओढली जाते. पुढील दोन टायर वेगळ्या बनावटीचे किंवा असमान झिजलेले असल्यास, अथवा एका बाजूस लहान मापाची स्टेपनी लावलेली असल्यासही हाच परिणाम होतो. काही वेळा टायरच्या आतील पोलादी पट्टा मध्यापासून किंचित सरकलेला असतो. असे टायर बाहेरून निर्दोष दिसते, पण धावताना शंकूप्रमाणे वागते आणि कमी व्यासाच्या कडेकडे वळते. अलाइनमेंटच्या यंत्रावर हा दोष दिसत नाही. टायर नवे असल्यास त्यावर संशयही घेतला जात नाही, आणि अलाइनमेंट तर बहुधा नवे टायर बसवतानाच केली जाते.

ब्रेक : कॅलिपरचा पिस्टन गंजणे, स्लायडर पिन जाम होणे किंवा ब्रेकची रबरी नळी आतून फुगून तेल अडणे, यांमुळे पॅडल सोडल्यावरही ब्रेक चाकाला धरून राहतो. गाडी त्या बाजूस ओढली जाते, इंधन अधिक लागते आणि ते चाक इतरांपेक्षा जास्त तापते. थोडे अंतर चालल्यावर वाढत जाणारी ओढ हे या दोषाचे खास लक्षण आहे.

सस्पेन्शन : अलाइनमेंट उभ्या गाडीवर होते. लोअर आर्मचे बुश फाटलेले असतील, तर यंत्रावर कोन योग्य दिसतात आणि धावताना, विशेषतः वेग वाढवताना व ब्रेक लावताना, ते बदलतात. बसलेली किंवा तुटलेली स्प्रिंग, खड्ड्यात आपटून वाकलेला स्ट्रट आणि अपघातानंतर सरकलेला सबफ्रेम यांचाही येथे विचार करावा लागतो.

स्टिअरिंग : विद्युत साहाय्य असलेल्या स्टिअरिंगमध्ये संवेदकाचा शून्यबिंदू सरकल्यास मोटर सतत एका बाजूस साहाय्य देत राहते. त्यामुळे काही गाड्यांत अलाइनमेंटनंतर संवेदकाची पुनर्मांडणी करणे आवश्यक असते.

निदानाचा क्रम

सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीकडून अवघड तपासणीकडे जाणे हे निदानाचे सर्वसाधारण तत्त्व आहे.

१. टायर थंड असताना चारही चाकांची हवा निर्मात्याने दिलेल्या मापानुसार भरावी. टायरचे माप, बनावट आणि झीज पाहावी.

२. मोकळ्या, सपाट जागेत मध्यम वेगाने दोन्ही दिशांनी गाडी चालवून पाहावी. हात स्टिअरिंगवरून काढू नयेत, केवळ सैल ठेवावेत. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढ जाणवल्यास कारण जमिनीच्या उतारात आहे.

३. ओढ सतत आहे, की ब्रेक, वेग किंवा वळण यांवर अवलंबून आहे, हे नोंदवावे.

४. थोडे अंतर चालवून चाकांजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी. डिस्कला स्पर्श करू नये. नंतर गाडी जॅकवर उचलून व स्टँडचा आधार देऊन प्रत्येक चाक हाताने फिरवावे. एखादे चाक जड फिरत असल्यास ब्रेक तपासावा.

५. पुढील डावे व उजवे चाक परस्परांच्या जागी लावून पुन्हा चाचणी घ्यावी. ओढीची दिशा उलटल्यास दोष टायरमध्ये आहे. दिशा तीच राहिल्यास बहुधा अन्यत्र शोध घ्यावा लागतो. फिरण्याची दिशा दर्शवणारा बाण असलेल्या टायरांची अशी अदलाबदल करू नये; त्यांच्या बाबतीत त्याच बाजूचे पुढील व मागील चाक बदलून पाहावे.

६. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश व स्प्रिंग तपासावेत. सैल भाग बदलल्याशिवाय केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

७. यानंतरच अलाइनमेंट पुन्हा मोजावी.

अहवालाचे वाचन

अलाइनमेंट केंद्राकडून मिळणाऱ्या छापील अहवालात प्रत्येक कोन मर्यादेत असल्यास हिरवा दर्शवला जातो. परंतु ओढ ही डाव्या-उजव्या बाजूंतील फरकातून निर्माण होते. उदाहरणार्थ, डावा कॅम्बर अधिक ०.३ अंश आणि उजवा उणे ०.४ अंश असल्यास दोन्ही आकडे स्वतंत्रपणे मर्यादेत असू शकतात. तरीही त्यांतील ०.७ अंशाच्या फरकाने गाडी डावीकडे ओढली जाईल. त्याच बाजूस कॅस्टरही कमी असल्यास ओढ अधिक वाढते. हा फरक साधारणतः अर्ध्या अंशाहून अधिक असल्यास त्याचे कारण शोधणे इष्ट असते. अचूक मर्यादा गाडीनुसार बदलते. कॅम्बर बिघडलेला असूनही तो बदलण्याची सोय नसल्यास एखादा भाग वाकला अथवा सरकला असल्याचा तो संकेत समजावा. म्हणून अलाइनमेंटपूर्वीचे आणि नंतरचे, असे दोन्ही अहवाल मागून घेणे उपयुक्त ठरते.

सुरक्षितता

सौम्य ओढीची चालकाला लवकर सवय होते आणि हात नकळत तिची भरपाई करू लागतात. हीच सवय धोकादायक ठरते, कारण वाढत चाललेला दोष त्यामुळे लक्षात येत नाही. ओल्या रस्त्यावर किंवा घाटात जोरात ब्रेक लावताना तीच ओढ गाडीला समोरच्या वाहनांकडे वा रस्त्याच्या कडेकडे नेऊ शकते. ओढ अचानक सुरू झाली असल्यास, चाकाजवळ जळका वास येत असल्यास, टायरच्या बाजूस फुगवटा दिसत असल्यास किंवा ब्रेक लावताना गाडी जोराने वळत असल्यास ती पुढे न चालवता थांबवून तपासून घ्यावी.