घोड्याच्या कानातील रहिवासी

म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून बन्नीमंटपाकडे निघते, तेव्हा हत्तींच्या जोडीने आरोहित पोलिसांचे घोडेही डौलाने चालतात. त्यासाठी मोतद्दारांनी त्यांना खरारा करून चकचकीत केलेले असते. वाद्यांच्या गजरात त्यांचे कान क्षणोक्षणी वळत असतात. असा एखादा कान बाहेरून कितीही स्वच्छ दिसला, तरी आत एक अदृश्य वस्ती नांदत असू शकते. ती असते यीस्टची. आणि ती असूनही घोडा पूर्णपणे निरोगी असतो.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पावाची कणीक फुगवणारे यीस्ट सर्वांच्या परिचयाचे आहे. ते साखरेवर पोसते. कानातील यीस्टची तऱ्हा निराळी. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली माणसाच्या डोक्यावरील कोंड्यात अशा पेशींचे वर्णन केले. पुढे १८८९ साली त्यांच्या नावावरून या प्रजातीस ‘मॅलासेझिया’ हे नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुर फुटलेली ही पेशी एखाद्या चिमुकल्या बाटलीसारखी दिसते.

प्रत्येक पेशीस मेदाम्लांची गरज असते. बहुतेक यीस्ट ती स्वतः घडवतात. मॅलासेझियाजवळ ती सामग्रीच नाही. म्हणून ते प्राण्याच्या त्वचेवरील स्निग्ध पदार्थांवर जगते. कानाच्या नळीतील त्वचेत तेलकट मळ स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. यीस्ट आपल्या विकरांनी त्यातील मेद फोडते आणि मेदाम्ले शोषून घेते. तेथे ऊब, ओलावा आणि अन्न या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

हे न उमगल्यास तपासनीस सहज फसतो. कानातून कापसाचा बोळा फिरवून तो साखर व पेप्टोन यांच्या नेहमीच्या पोषक माध्यमावर घासला, तर यातील बहुतेक जाती मुळीच वाढत नाहीत. बशी रिकामी राहते, आणि कानात काही नव्हते असे वाटते. त्याच माध्यमात ऑलिव्हच्या तेलासारखा स्निग्ध पदार्थ मिसळला, की काही दिवसांत पिवळसर ठिपके उमटू लागतात. याला अपवाद असलेली एक जात १९२५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवर सापडली. माध्यमातील अल्पसा मेदही तिला पुरतो. घोड्यांच्या त्वचेवर आढळलेल्या एका जातीस मात्र २००७ साली स्वतंत्र नाव मिळाले: मॅलासेझिया इक्विना.

मग या यीस्टला रोगजंतू म्हणावे काय? कुत्र्याच्या कानात त्यांची संख्या बेसुमार वाढली, म्हणजे खाज, दुर्गंध आणि दाह उद्भवतात. घोड्यात बाह्यकर्णाचा दाह त्या मानाने क्वचितच होतो. तेव्हा यीस्ट सापडले एवढ्यावरून रोगाचे निदान होत नाही. ते किती आहे आणि त्याच्याभोवतीची त्वचा कशी आहे, हे पाहावे लागते. निरोगी जनावरांचे कान तपासण्याचे महत्त्व येथेच आहे. आरोग्यात काय असते हे ज्यास ठाऊक नाही, त्याने आजारात काय बदलले ते कशावरून ओळखावे?

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. कानात तपकिरी मळ दिसताच एखादा मोतद्दार काळजीपोटी औषध ओततो, किंवा काडीला कापूस गुंडाळून खोलवर कोरतो. त्याने नाजूक त्वचा सोलवटते, आणि जेथे रोग नव्हता तेथे रोगास वाट मिळते. कानाच्या पाळीच्या आत पांढरट चकत्या दिसल्या, तर त्यांचाही दोष यीस्टवर टाकू नये. त्या एका विषाणूमुळे उठतात.

घोडा वारंवार डोके झटकत असेल, कान खांबास घासत असेल, कानातून स्राव किंवा दुर्गंध येत असेल, अथवा कानास हात लावू देत नसेल, तर विनाविलंब पशुवैद्यास बोलवावे. यांपैकी काहीच नसेल, तर ओल्या मऊ फडक्याने पाळी पुसावी आणि आतील रहिवाशांना स्वस्थ राहू द्यावे.