सरावामागचा विचार – ६ : घोटा कधी सोडायचा?

मागच्या भागात आपण नवं कौशल्य सुटं करून कसं शिकवतात ते पाहिलं. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. सरावात साफ बसणारी पकड सामन्यात का सुटते?

कबड्डीत डावा कोपरा सांभाळणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. जोडीदार ठरल्याप्रमाणे पाय पुढे टाकतो, हा झुकून दोन्ही हातांनी घोटा धरतो आणि अंगाशी ओढून घेतो. २० वेळा केलं, वीसही पकडी चोख. सामन्यात मात्र पाय दिसताच हा झेपावतो. तो पाय निघतो हुलीचा, आणि चढाईपटू याच्या पाठीला हात लावून परत जातो.

हात तयार झाले, नजर झालीच नाही. पाय येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्या वीस वेळांत त्याला एकदाही ठरवावं लागलं नव्हतं. वजन कुठल्या पायावर आहे? कव्हर मदतीला पोहोचेल का? हे प्रश्न सरावात आलेच नाहीत.

म्हणून जाणता प्रशिक्षक सरावाची मांडणी बदलतो. मॅटवर उभी पट्टी चिकटवून १० मीटरची रुंदी ५ मीटर करतो. आता चढाईपटूला दुसऱ्या कोपऱ्याकडे पळता येत नाही. बोनससाठी पाय टाकायचा की नुसती हूल द्यायची, हे मात्र तोच ठरवतो. दहा मिनिटांत कोपऱ्यातल्या मुलापुढे तो पेच कितीतरी वेळा उभा राहतो. प्रत्येक चढाईनंतर सरांचा प्रश्न एकच : “काय दिसलं तुला?”

त्यानंतर गुणफलक येतो. पहिला प्रसंग : आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत, ही तिसरी. ३० सेकंदांत गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. घाई त्याला आहे, आपल्याला नाही. इथे पुढे आलेला घोटा सोडून देणं हेच कौशल्य. दुसरा प्रसंग : सामन्याची शेवटची चढाई, आपण एका गुणाने मागे, मैदानात आपले तिघेच. चढाईपटू निदान रेषा ओलांडून सुखरूप परतला की सामना त्यांचा. पकड झाली तर सुपर टॅकलचे २ गुण आपले. इथे थांबणं म्हणजे हरणं. पाय तोच, हात तेच, उत्तर उलटं.

असा सराव बघायला विस्कळीत वाटतो, चुका वाढतात, पालक काळजीत पडतात. पण १९९४ साली अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलपटूंवर झालेला एक अभ्यास इथे आठवावा. एका गटाने तीन प्रकारांपैकी एकाच प्रकारचे चेंडू सलग खेळून मग पुढचा प्रकार घेतला; दुसऱ्या गटाला तेच तिन्ही प्रकार मिसळून टाकले. सहा आठवड्यांनी मिसळलेल्या सरावाचा गट बराच पुढे गेला होता.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. ज्याला पकडच येत नाही, त्याला या गोंधळात लोटू नये. आधी ताज्या अंगाने, सावकाश, सुटी पकड. ती बसली की मग पेच. नाहीतर गुडघे-खांदे दुखावतात आणि मनात बसलेली भीती लवकर निघत नाही.

जेव्हा तुमच्या संघाचा सराव बघाल, तेव्हा किती पकडी झाल्या एवढंच मोजू नका. खेळाडूला स्वतः किती वेळा ठरवावं लागलं, तेही मोजा.

पुढच्या आठवड्यात : दोन चढायांमधली विश्रांती किती असावी?