वाट पाहणारी परीक्षा

घरातील कर्ता माणूस आजाराने अंथरुणाला खिळला, म्हणून नववीतील एका मुलाने दप्तर खुंटीला अडकवले आणि तो कामाला लागला. असे प्रसंग अनेक घरांवर येतात. तीन-चार वर्षांनी त्या मुलाला पुन्हा शिकावेसे वाटले, तर त्याने काय करावे? दिवसभर काम सुटत नाही आणि लहान मुलांच्या वर्गात जाऊन बसण्याचा संकोच वाटतो.

अशा विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त विद्यालयाचा प्रयोग सुरू केला. त्यातूनच १९८९ साली ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालय’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. २००२ सालापासून ती ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान’ या नावाने ओळखली जाते.

या विद्यालयात रोजची घंटा वाजत नाही. नाव नोंदविल्यावर विद्यार्थ्याला पुस्तके मिळतात. त्यांवरून तो सवडीप्रमाणे घरी अभ्यास करतो, स्वाध्याय लिहून देतो आणि मान्यताप्राप्त अभ्यासकेंद्रात जाऊन शंकांचे निरसन करून घेतो. मराठी माध्यमातूनही दहावीचा अभ्यास करता येतो. त्यासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात.

वर्षातून दोनदा परीक्षा होते. सर्व विषय एकाच वेळी दिले पाहिजेत, असे बंधन नाही. एखाद्याने आधी मराठी आणि गृहविज्ञान दिले व गणित पुढच्या खेपेस दिले, तरी चालते. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण संस्था जमा ठेवते. थेंबे थेंबे तळे साचावे, तसे हे गुण साचत जातात. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या अवधीत नऊ वेळा परीक्षेस बसता येते. किमान एका भाषेसह पाच विषय पूर्ण झाले, की प्रमाणपत्र मिळते.

मात्र ही सवलत वेळेची आहे, ज्ञानाची नव्हे. प्रश्नपत्रिका संस्थाच काढते. उत्तरे ठरलेल्या केंद्रात, पर्यवेक्षकांच्या देखत लिहावी लागतात. उत्तीर्ण होण्यासाठी शंभरांपैकी किमान ३३ गुण मिळवावेच लागतात. म्हणूनच या प्रमाणपत्राला इतर मंडळांच्या प्रमाणपत्रांसारखीच मान्यता आहे आणि त्याच्या आधारे पुढील शिक्षणाचा मार्ग खुला होतो.

कामावरून थकून आलेला तो मुलगा रात्री दिव्याखाली पुस्तक उघडतो, तेव्हा त्याला एवढा भरवसा पुरेसा असतो. आपल्याला उशीर झाला असला, तरी परीक्षा अजून आपली वाट पाहत आहे, हे तो जाणतो. अभ्यास मात्र त्याचा त्यालाच करावा लागतो.