खूर किती पाणी पितो?

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, हे एकदा नीट उमगलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते. ते बोट आपल्या मधल्या बोटाशी जुळणारं, आणि खूर हे त्याचं नख. 300-400 किलोंचा देह चार नखांवर तोलून हा प्राणी दौडतो! मराठवाड्यात मात्र त्या नखांचे सगळ्यात कठीण दिवस येतात ते आषाढ-श्रावणात, घोडा नुसता बांधून उभा असताना.

खूर केराटिनचा बनलेला. तो पाणी शोषतो आणि सोडतो. 1987 साली बर्ट्रम आणि गॉसलाइन या संशोधकांनी खुराचे तुकडे वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून त्यांची ताकद मोजली. पूर्ण कोरडा खूर पूर्ण भिजलेल्यापेक्षा सुमारे 35 पट ताठ निघाला. पण ताठ असलेला टिकतोच असं नाही. कोरडा खूर तडकतो, भिजलेला लिबलिबीत होतो. फाटायला सर्वांत चिवट ठरला तो 75 टक्के आर्द्रतेत ठेवलेला खूर. जिवंत घोड्याच्या खुरातही हा ओलावा बेताबेताने वाढत जातो: बाहेरची भिंत कोरडी आणि कडक, आतला थर ओलसर आणि लवचीक. एका नखात इतकी बारीक आखणी!

नांदेड-लातूरच्या काळ्या जमिनीचा स्वभावही असाच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या सरी आल्या की तीच माती फुगून चिकट होते. तिच्यावर उभा असलेला खूर ही दोन्ही टोकं सोसतो. वैशाखात वाळून बारीक चिरा, आषाढात भिजून मऊ, चार दिवस उघडीप, की पुन्हा झड. सतत ओलं राहण्याइतकीच ही ये-जा वाईट. फुगण्या-आकसण्यात भिंत आणि तळवा सांधणारी पांढरी रेघ सैल होते आणि तिथून खडा, माती, जंतू आत शिरतात.

आत पू धरला की त्याला पसरायला जागा नसते, कारण भोवती खुराचं कडक कवच. काल धडधाकट असलेला घोडा आज तीन पायांवर उभा दिसतो आणि मालकाला वाटतं, हाडच मोडलं. पशुवैद्य तळव्यातून वाट करून देतो आणि पू निघताच घोड्याला बराच आराम पडतो. वाट मिळाली नाही तर पू वर चढत जाऊन खुराच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेशी फुटतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून त्याची लस चुकवू नये. आणि लाळ्या-खुरकुताची शंका कुणाला आली तर ती सोडून द्यावी. तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा, घोड्याला होत नाही.

चिखलाचा दुसरा आजार जास्त चोरटा. खुराच्या तळाशी मधोमध त्रिकोणी, रबरी भाग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा. घोडा चालतो तेव्हा हा भाग दबतो, टाच किंचित फाकते, पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि खाचांतली बरीचशी माती झडून जाते. उभ्या घोड्याचं यातलं काहीच होत नाही. चातुर्मासात लग्नाच्या तिथी नसतात, त्यामुळे वरातीचे घोडे नेमके याच महिन्यांत एका जागी बांधलेले. काळी माती खाचांत गच्च बसते, हवा बंद होते, आणि फ्युजोबॅक्टेरियम नावाच्या जंतूला हेच हवं असतं, कारण हवा त्याला सोसत नाही. मग खाचेतून काळा, सडक्या वासाचा स्राव येऊ लागतो. रोज खूर उचलून खाचा कोरल्या की आत हवा जाते, आणि ती हवाच जंतूला मारक ठरते. पैसा न लागणारा याहून सुंदर उपाय मला माहीत नाही. जोडीला मुरूम टाकून उंच केलेली जागा आणि रोजची थोडी रपेट. सडलेला भाग मात्र स्वतः कापू नये, मोरचूदही मनाने लावू नये. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या डॉक्टरांना दाखवावं.

पाऊस सरता सरता नांदेडला दसऱ्याची हल्लाबोल मिरवणूक निघते. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे सचखंड गुरुद्वाराचे घोडे तिच्यात असतात. म्हणजे त्यांचे खूर राखायचे ते ऐन पावसात.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार होतो. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. जुलैत वरच्या कडेला तयार झालेला खूर तेव्हा सुमारे चार सेंटिमीटर खाली आलेला असतो. त्या उंचीवर ठळक आडवी वळी दिसली, तर पावसाळ्यात चारा बदलला असेल, ताप आला असेल किंवा खूर आजारी पडला असेल. वळ्या टाचेकडे रुंदावत गेलेल्या असतील, तर खुराच्या आत सूज येऊन गेल्याची शक्यता मोठी. घेणाऱ्याने दात बघावेत, चाल बघावी, पण चारही पाय उचलून खाचांचा वासही घ्यावा. पुढच्या बाजूने खूर पूर्ण नवा व्हायला 9 ते 12 महिने लागतात, म्हणजे या पावसाळ्याची वळी जमिनीला टेकते तेव्हा पुढचा मृग जवळ आलेला किंवा लागलेला असतो.