पॉम्पेईच्या रस्त्यावर तेरची आठवण

मुलगी शिकायला परदेशी निघाली, की आईच्या सूचना सुरू होतात. पासपोर्ट सांभाळ, वेळेवर जेव, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'एकटी कुठे भटकू नकोस गं बाई.' माझ्या ताईनेही लेकीला धाराशिवहून इटलीला पाठवताना हेच बजावलं होतं. लेक मात्र म्हणते, जुनं शहर कळतं ते पायी भटकल्यावरच.

सुट्टीत ती पॉम्पेई बघायला गेली. नेपल्सजवळचं हे रोमन शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १७४८ मध्ये उत्खनन सुरू झालं, तरी अजून साधारण एक तृतीयांश शहर मातीखालीच आहे. पायात चांगले बूट, हातात नकाशा आणि पाण्याची बाटली घ्यायची, की निघायचं.

"मावशी, चालले म्हणून दिसलं गं सगळं," ती फोनवर सांगत होती. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. रस्ता ओलांडताना घाण पाण्यात पाय भिजू नयेत म्हणून मध्ये मांडलेले उंच दगड, आणि त्या दगडांमधून चाक जाईल एवढी नेमकी फट. नाक्यानाक्यावर पाण्याचे हौद. रस्त्याच्या कडेला खाणावळी, त्यांच्या ओट्यांत रांजण बसवलेले. कितीतरी लहान घरांत चूलच नव्हती, माणसं बाहेरूनच शिजलेलं अन्न घेत. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण पाठ करतो, पण बायका पाणी कुठे भरत आणि घरात चूल होती का, हे असं पायी फिरल्यावरच कळतं.

याच शहरातल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. जेमतेम वीतभर उंचीची. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. मूर्ती भारतीय! आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असावी असं मत मांडलं. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभी राहिल्यावर आमच्या या पोरीला शाळेची सहल आठवली. अशीच एक हस्तिदंती बाई तिने तेरच्या संग्रहालयात पाहिली होती!

तिला भास झाला नव्हता. तेरच्या मूर्तीचं पॉम्पेईच्या मूर्तीशी जवळचं साम्य आहे, हे अभ्यासकांनीच नोंदवलंय. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच मूर्ती मिळाली. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे घडली, यावर एकमत नाही. पण आपल्या भागाचा रोमशी व्यापार होता, हे नक्की. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात तेरचं नाव 'तगर' असं येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाई. चाकोऱ्या तिकडे होत्या, तशा इकडेही होत्याच की!

मैत्रिणींनो, तेर आपल्याला ठाऊक आहे ते गोरोबा काकांचं. बचत गटाच्या बायका जीपने येतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परत फिरतात. त्याच गावात त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन देऊळ आहे, ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं असं मानतात. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. ते बघायला विमान लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. दोन तास आणि दोन पाय पुरतात.

आईची काळजी खोटी नसते. भाचीही जपूनच फिरते. निघताना मैत्रिणीला सांगून जाते, फोन पूर्ण चार्ज करते, अंधार पडायच्या आत परतते. पण काळजीपोटी मुलीचं फिरणंच थांबवलं, तर तिची नजर कशी तयार होणार? नेपल्सला तिला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं, कारण कुण्या बाईंनी तिच्या वर्गाला तेरच्या गल्ल्यांतून चालवत नेलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी तेरला जाल तेव्हा लेकीसुनांना सोबत घ्या. संग्रहालयाची वेळ आधी विचारून ठेवा, गाडी देवळापाशी उभी करा आणि गाव पायी फिरा. पोरींना प्रश्न विचारू द्या, थोडं पुढे पुढे चालू द्या. उद्या त्यांतली एखादी परदेशी गेलीच, तर तिथल्या रस्त्यावर ती परकी राहणार नाही.