प्रवासलेखकाला ब्लॉग परवडतो का? साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना

"पोटापाण्यासाठी प्रवासवर्णनं लिहिणाऱ्याला ब्लॉग लिहिणं परवडतं का?" प्रश्न सोपा वाटतो ना? पण संशोधन प्रस्तावात तो असाच्या असा लिहून बघा. मार्गदर्शक पहिल्याच ओळीखाली रेघ मारतील. 'परवडतं' म्हणजे काय, किती काळात आणि कशाच्या तुलनेत, यातलं काहीच त्यात नाही. आज हा प्रश्न एका जुन्या उदाहरणावर तपासून बघू.

ब्लॉग नव्हते तेव्हा वृत्तपत्रातली प्रवासपत्रं होती. प्रवास चालू असतानाच लिहायचं, हप्त्याहप्त्याने छापून यायचं. जून १८६७ मध्ये 'क्वेकर सिटी' ही बोट न्यूयॉर्कहून युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सहलीला निघाली. तिकीट होतं १,२५० डॉलर. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अल्टा कॅलिफोर्निया' या वृत्तपत्राने मार्क ट्वेनचं तिकीट काढलं आणि दर पत्राला २० डॉलर द्यायचं कबूल केलं. पत्रं साधारण ५० धरली, तर हातात येणार १,००० डॉलर.

इथेच थांबलो तर उत्तर 'बरं परवडलं' एवढंच येतं. पण नोव्हेंबरमध्ये बोट परतली आणि काही दिवसांतच एका प्रकाशकाने ट्वेनकडे पुस्तक मागितलं. तो करार प्रतीमागे ५ टक्के मानधनावर झाला. 'द इनोसंट्स अब्रॉड' १८६९ मध्ये आलं आणि पहिल्या वर्षात त्याच्या ७०,००० च्या आसपास प्रती खपल्या. सर्वांत स्वस्त प्रत साडेतीन डॉलरची धरली तरी ढोबळ हिशेबाने मानधन १२,००० डॉलरच्या वर जातं. म्हणजे मोजमापाचा कालावधी बदलला की उत्तर बदलतं. पहिला धडा: कालावधी आधी ठरवा, आकडे बघून नंतर नाही.

आता दुसरी बाजू. पत्रांवर 'अल्टा'ने हक्क सांगितला, ती स्वतःच पुस्तकरूपात काढायचा त्यांचा विचार होता. १८६८ मध्ये ट्वेनला सॅन फ्रान्सिस्को गाठून परवानगी मिळवावी लागली. शिवाय पत्रं जशीच्या तशी चालली नाहीत. बराच मजकूर नव्याने लिहावा लागला, पुष्कळ काटछाट करावी लागली. हे श्रम हिशेबात कुठे धरायचे? पत्रांच्या खात्यात की पुस्तकाच्या? दुसरा धडा: पैसे, हक्क, ओळख आणि लागलेला वेळ हे चार वेगळे चल आहेत. 'फायदा' या एकाच शब्दात ते कोंबू नका. आजचा लेखक स्वतःच्या ब्लॉगवर लिहितो तेव्हा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतात, पण २० डॉलर देणारं कोणी नसतं. दोन्ही व्यवहार वेगळे आहेत, हे प्रस्तावात स्पष्ट लिहायला हवं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पुढे आहे. आपण ट्वेनच का निवडला? कारण तो यशस्वी झाला म्हणून! याला म्हणतात टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह. जे विस्मरणात गेले ते आपल्या नमुन्यात येतच नाहीत. 'मी ब्लॉग लिहिला आणि आयुष्य बदललं' असं सांगणाऱ्यांच्याच मुलाखती घेतल्या, तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

गंमत म्हणजे इथे तुलना त्याच बोटीवर सापडते. मेरी मेसन फेअरबँक्स 'क्लीव्हलँड हेरल्ड'साठी पत्रं लिहीत होत्या, मोझेस बीच 'न्यूयॉर्क सन'साठी. बोट तीच, बंदरं तीच. पण आज सर्वसामान्य वाचकाला नाव माहीत आहे ते ट्वेनचंच. मग केवळ हप्त्याने लिहिण्यामुळे यश मिळालं, असं कसं म्हणणार?

पण थांबा, ही तुलनाही निर्दोष नाही. बीच स्वतः 'सन'चे मालक होते आणि फेअरबँक्सबाईंचे पती 'हेरल्ड'च्या मालकांपैकी एक. लेखनावर पोट भरायची गरज दोघांनाही ट्वेनइतकी नव्हती. म्हणजे हेतू वेगळा, त्यामुळे 'यश' मोजायची पट्टीही वेगळी. तिसरा धडा: तुलनेचा गट शोधा, आणि तो कुठे कमी पडतो हेही स्वतःच लिहा. परीक्षकांनी दाखवून देण्याआधी आपण लिहिलेलं केव्हाही चांगलं.

आता मूळ प्रश्न पुन्हा मांडू: "लेखन हेच मुख्य उत्पन्न असलेल्या मराठी प्रवासलेखकांपैकी ज्यांनी ब्लॉग सुरू केला आणि ज्यांनी केला नाही, त्यांच्या पुढील पाच वर्षांतल्या लेखन-उत्पन्नात आणि मिळालेल्या कामांत काय फरक दिसतो?" ब्लॉग मध्येच सोडून दिलेलेही यात धरायचे, किंबहुना ते मुद्दाम शोधायचे. प्रश्न लांबला, थोडा रुक्षही झाला. पण आता तो तपासता येतो.

आणि ट्वेनचं काय? एका उदाहरणावरून 'परवडतं' हे सिद्ध होत नाही. ते कोणत्या वाटेने परवडू शकतं, एवढं मात्र कळतं: थोडं मानधन, मग ओळख, मग पुस्तक, आणि मध्ये हक्कांची झटापट. एका उदाहरणाकडून एवढीच अपेक्षा ठेवायची.

तुमच्या वहीतला 'फायदा होतो का?' छापाचा एखादा प्रश्न काढा आणि त्याला हेच विचारा: कोणाला, किती काळात, कशाच्या तुलनेत, आणि नमुन्यात कोण राहून गेलं?